गुळगुळीत खोडाचं झाड

आमच्या वर्कशॉपमध्ये जगातली सगळी झाडं कडुनिंबाच्या खोडावर उगवतात. ऑलिव्ह असो, मेपल असो, जपानी चेरी असो, खोड कडुनिंबाचंच. आमचा धंदा खोट्या झाडांचा आहे. आतून लोखंडी पाइप, वरून फायबरचं खोड, त्यावर कापडाची पानं. हॉटेलांच्या लॉबीत, मॉलमध्ये आणि ज्यांच्या घरात खरं झाड जगत नाही अशा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ती उभी राहतात. दुबईतल्या अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात आमच्या शटरसमोर एक जुना कडुनिंब आहे. धंदा सुरू करताना नवऱ्याने त्याच्या बुंध्याला सिलिकॉन फासून सालीचा साचा काढला, आणि तेव्हापासून त्या एका साच्यावर आमचं घर चाललंय. साल तीच, पानं फक्त बदलायची. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही. यावरून गिऱ्हाइकांबद्दल काय समजायचं ते समजा.

धंद्यात भागीदार दोघं, नवरा आणि माझा धाकटा दीर. त्यांचं घराणं पेणकडचं, पिढीजात गणपतीची मखरं करणारं. मखर करणाऱ्या माणसाला मोकळी जागा बघवत नाही. वीतभर कोरी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवतात. तिथे वेलबुट्टी येते, वेलबुट्टीत मोर येतो, मोराच्या पिसाऱ्यात टिकल्या येतात आणि टिकल्यांनाही कडेने सोनेरी लेस लागते. मी सासरी नवी होते तेव्हा सासऱ्यांनी मला धंद्याचं तत्त्व समजावलं होतं. "सूनबाई, कष्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही केलंत काय?" हे तत्त्व दोन्ही मुलांनी पेणहून दुबईला जसंच्या तसं आणलं. कस्टमवाल्यांनीही अडवलं नाही.

मी बी.एस्सी. बॉटनी. लग्न होऊन इथे आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आले, आणि कागदावर 'हाउसवाइफ' असं छापून आलं. त्याखाली नोकरीला परवानगी नाही, हेही होतं. त्यामुळे मी काम करत नसे. मी फक्त वर्कशॉपचे फोन घ्यायचे, कोटेशनं टाइप करायचे, पानांचे रंग निवडायचे, कारागिरांची भांडणं सोडवायचे आणि दुपारचा डबा पाठवायचे. पगार नव्हता, म्हणजे ते काम नव्हतं, घरचं होतं. कुणी ओळख करून देताना नवरा म्हणायचा, "ही पण थोडी हेल्प करते." थोडी! त्या 'थोडी'वर माझ्या कितीतरी दुपारी आणि संध्याकाळी गेल्या आहेत.

गेल्या वर्षी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका नव्या रेस्टॉरंटची ऑर्डर आली. मालकाला आत युरोपातलं जंगल हवं होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत माणसाला स्वेटर घालावासा वाटला पाहिजे, अशी काहीशी त्यांची कल्पना. ड्रॉइंगवर आठ झाडं काढलेली होती आणि समोर लिहिलेलं होतं, बीच. हे तिकडचं थंडी-पावसात वाढणारं मोठं झाड. आमिरातीत ते येतं ते फळ्या होऊन, फर्निचरसाठी. उभं झाड इथे कुणी पाहिलेलं नाही. रेस्टॉरंटच्या डिझायनर बाईंनी सोबत एक फोटो पाठवला होता, पण त्यात झाडांपेक्षा धुकंच जास्त होतं.

"अगं, ते तुझं बॉटनी काढ जरा," नवरा म्हणाला. कपाटावरची मोठी बॅग काढ, म्हणावं तसं.

दीर मात्र गंभीर होता. "वहिनी, सिरियसली सांगतो. पार्टी मोठी आहे, आगे और भी काम मिलेगा. ही ऑर्डर पास झाली ना, तर तुम्हाला कंपनीच्या व्हिसावर घेऊ. डिझायनर म्हणून. प्रॉपर सॅलरी, प्रॉपर कार्ड. इन्शाल्ला."

इन्शाल्ला इथे प्लंबरही म्हणतो आणि मग चार दिवस फोन उचलत नाही. म्हणून मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "प्रॉमिस." हसायचं तर हसा, पण मला ते 'डिझायनर' छापलेलं कार्ड हवं होतं. फार हवं होतं. मुलीच्या शाळेत, बँकेत, डॉक्टरकडे, कुठेही 'तुम्ही काय करता' असं विचारलं की मी इतकी वर्षं पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत आले होते.

आता कॉलेजात आम्ही खोडं शिकलो होतो, नाही असं नाही. पण ती पातळ काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली. अख्खं झाड बघायला मिळायचं ते सहलीला, आणि तेव्हा लक्ष झाडाकडे नसायचं. बीच तर अभ्यासक्रमातच नव्हता. तरी वासरात लंगडी गाय शहाणी, या न्यायाने मी तज्ज्ञ ठरले. खरी तज्ज्ञ घरातच निघाली, सातवीतली माझी मुलगी. ती ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत जाते. वाळवंटात वाढणारं मूल पुढेमागे इंग्लंडच्या एखाद्या रानात हरवलं तर पंचाईत नको, म्हणून तिथे ओक, ॲश आणि बीच सालीवरून ओळखायला शिकवतात. बिल्डिंगसमोरचा गाफ, जो या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे, तो तिला ओळखता येत नाही. तो परीक्षेला नाही.

"मम्मा, इट्स ईझी," ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली. "बीच इज द स्मूद वन. ग्रे. लाइक ॲन एलिफंट्स लेग."

"म्हातारं झालं तरी गुळगुळीत?"

"इव्हन व्हेन इट्स ओल्ड. यू शुड आस्क इट फॉर टिप्स."

मग मी रीतसर अभ्यासाला लागले. फोटो जमवले, व्हिडिओ पाहिले, एकेका खोडासमोर व्हिडिओ थांबवून चष्मा वर करून बसले. इतर झाडांची साल वयाबरोबर फाटते, तिला भेगा पडतात, खपल्या निघतात. बीचची फाटत नाही. ती पातळच राहते आणि झाडाबरोबर ताणत जाते, म्हणून शंभर वर्षांचं झाडही करड्या रंगाचं, चंदेरी झाक असलेलं, गुळगुळीत. त्याच्या अंगावर काही होतच नाही असं मात्र नाही. जिथली फांदी गळते तिथे डोळ्यासारखा व्रण राहतो, आणि त्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या सुरकुत्या पडतात, अगदी मिशांसारख्या. खोड जसं जाड होत जातं, तशा त्या मिशा पसरट होतात. म्हणजे मिशी बघून फांदी केव्हाची गेली याचा अंदाज करता येतो. सावलीच्या ओलसर बाजूला पुसट हिरवट थर धरतो. बुंधा जमिनीला टेकतो तिथे मुळं बोटं पसरल्यासारखी फाकतात. मला हे सगळं इतकं आवडलं की रोज जेवताना मी तेच बोलायचे. नवरा आमटी ओरपत "हं, हं" करायचा. त्या 'हं'चा मी काही भरवसा धरला नव्हता.

गुळगुळीत म्हणजे नेमकं किती, हे हाताला कळावं म्हणून मी मुलीला घेऊन संध्याकाळी बागेत जायला लागले. कडुनिंबाला हात लावला, गाफला लावला, कुंपणाला लावतात त्या दमासच्या झाडाला लावला, खजुराला लावून बोट सोलून घेतलं. एकही गुळगुळीत नाही. या मातीत झाडांना गुळगुळीत राहणं परवडत नसावं. फिरायला आलेल्या बायका मुलांना जवळ ओढून माझ्या बाजूने जायच्या. "मम्मा, प्लीज स्टॉप हगिंग ट्रीज," असं म्हणून मुलगी झोपाळ्यांपलीकडे जाऊन उभी राहायची, माझी कुणीच नसल्यासारखी.

पहिलं खोड मी स्वतः केलं. साचा वापरायचा नाही, असं कारागिरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली, म्हणून झालं. त्यांनी सात फुटी गुळगुळीत फायबर चढवून दिलं. हे झाडाचं खालचं अंग, वरचा भाग साइटवर छताला जोडायचा होता. मग मी त्यावर पुट्टीने डोळे बसवले. मिशांच्या सुरकुत्या मोदकाच्या कळ्या पाडतात तशा चिमटीने पाडल्या. ते मला येतंच, त्यासाठी डिग्री लागत नाही. करड्या रंगाचे हात स्पंजने एकावर एक दिले, एका बाजूला हिरवट छटा टेकवली. संपलं तेव्हा पाठ मोडली होती आणि मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं.

नवरा आला. एक फेरी मारली, आणखी एक मारली.

"हा पाइप आहे," तो म्हणाला.

"ते बीच आहे."

"असेल. पण दिसतोय पाइप. यात काम कुठे दिसतं? गिऱ्हाईक हात फिरवणार आणि म्हणणार, हबीबी, यू फरगॉट द ट्री."

"अहो, झाडच तसं असतं! त्याला मी काय करू?"

"वहिनी, थोडंसं टेक्स्चर?" दीर मधे पडला. "ज्यादा नहीं. इकडे तिकडे दोन भेगा."

"भावजी, दोन भेगा पाडल्या की ते बीच राहत नाही. उद्या गणपतीला सोंड शोभत नाही म्हणून नाक लावाल?"

हे त्यांना वर्मी लागलं. मखरवाल्यांच्या घरात गणपतीचं उदाहरण द्यायचं नसतं, कारण त्याला उत्तर नसतं. नवऱ्याने हात जोडले. "बरं बाई, तुझ्या मनासारखं. बाकीची सातही अशीच करून घेतो." मी समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुलगी तापाने फणफणली आणि साइटवर माल लागेपर्यंत मी काही वर्कशॉपला फिरकले नाही. रोज फोनवर विचारायचे, "झालं का?" तिकडून उत्तर यायचं, "होतंय, होतंय. तू टेन्शन नको घेऊ." नवरा टेन्शन नको घेऊ म्हणतो तेव्हाच घ्यायला हवं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

ऑर्डर पास करण्याच्या दिवशी मी चांगला ड्रेस घातला. कानात मोत्याचे डूल घातले. डिझायनरला शोभेल असं काहीतरी. मुलीचा ताप उतरला होता, तिला शेजारी सोडलं आणि पिकअपमध्ये नवऱ्याशेजारी बसून गेले. दीर आणि कारागीर आधीच पोचले होते. रेस्टॉरंटचं दार उघडलं आणि समोर सात कडुनिंब उभे होते.

नुसते कडुनिंब नाहीत. कडुनिंबाला स्वतःलाही लाज वाटेल अशा भेगा, भेगांमध्ये तपकिरी रंग, तपकिरीवर काळा, मधूनमधून गाठी, आणि एका ठिकाणी तर, देवाशपथ सांगते, पोपटाची ढोली. मखराची सगळी हौस त्या सात खोडांवर फिटली होती. आठवं खोड माझं. ते कोपऱ्यात वॉशरूमच्या वाटेवर उभं केलं होतं, एकटंच.

"हे काय?" मी नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं.

"तुझ्या झाडाला हात नाही लावला," तो म्हणाला. जणू दागिना सांभाळून ठेवला होता.

पुढे काही बोलणार तोवर डिझायनर बाई आल्या. गॉगल केसांत, हातात कॉफी. त्या पहिल्या खोडापाशी थांबल्या, नखांनी टकटक केलं, भेगेत बोट घातलं. "ओह वॉव. सो नॅचरल!" दुसऱ्यापाशी, तिसऱ्यापाशी, तेच. पोपटाच्या ढोलीचा त्यांनी फोटो काढला. दिराचा चेहरा फुलत फुलत सातव्या झाडापर्यंत पार उमलला. मग बाई माझ्या झाडासमोर आल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अँड व्हॉट इज धिस? धिस वन इज नॉट फिनिश्ड?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी नवरा बोलला. "नो, नो, मॅडम. दॅट इज माय वाइफ्स हॉबी. हाउसवाइफ, यू नो. टाइमपास." आणि तो हसला. त्याच्यामागे दीर हसला. बाईही हसल्या, कारण सगळे हसत होते. डूल काढून फेकावेत असं वाटलं.

"मॅडम," मी म्हणाले, "बीच इज ओन्ली धिस वन. द अदर सेव्हन आर नीम ट्रीज. फ्रॉम अल कुसैस."

दीर छताकडे बघू लागला. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर लग्नात वरमाईच्या अंगावर ताक सांडलंय. मला वाटलं, गेली ऑर्डर, आणि तिच्याबरोबर माझं कार्डही गेलं. पण निदान खरं तर बोलले.

बाईंनी कॉफीचा एक घोट घेतला. "डार्लिंग," त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, "नोबडी कम्स टु अ रेस्टॉरंट टु चेक द ट्रीज." मग कागदावर सही केली, माझ्या झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "जस्ट टेक दॅट आउट, सेव्हन इज इनफ," आणि निघून गेल्या. एवढ्या सत्यवचनानंतर आकाशातून फुलं पडायला हवी होती. निदान ऑर्डर तरी पडायला हवी होती. दोन्हींतलं काहीच पडलं नाही.

"वहिनी, मुबारक!" दिराला आनंद आवरत नव्हता. "ऑर्डर पास. खलास! झालात तुम्ही डिझायनर. संडेलाच पेपर टाकतो." त्याने शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. ज्या ऑर्डरवर माझं कार्ड ठरलं होतं ती पास झाली होती, आणि ती माझ्यामुळे नव्हे तर माझं न ऐकल्यामुळे झाली होती. कारागिरांनी माझं झाड उचललं आणि कुठेतरी खाली नेऊन ठेवलं.

परतताना शेख झायेद रोडवर नवरा मजेत होता. एसीचा झोत माझ्याकडे वळवून दिला. "बघ, मिळालं की नाही? उगाच तोंड पाडून बसलीयस. पार्टी खूश, तू डिझायनर. और क्या चाहिए?"

"गाडी वळवा."

"काय?"

"माझं झाड आणायचंय."

"अगं, उद्या पोरं आणतील. इथून वळायचं म्हणजे पार पुढच्या ब्रिजपर्यंत..."

"वळवा."

या रस्त्यावर वळायचं म्हणजे आधी भलतीकडे दहा मिनिटं जावं लागतं, मग एका पुलावरून गोल फिरावं लागतं, आणि तरी माणूस नको त्या एक्झिटला लागतो. आम्ही दोनदा लागलो. टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने सांगितलं, "वो पेड़? नीचे रखवाया है मॅडम, पी-टू में. लोडिंग के पास नहीं रख सकते."

खाली पार्किंगमध्ये अर्धे दिवे बंद होते. बघावं तिकडे सिमेंटचे गोल, करडे, गुळगुळीत खांब. ओळीत उभे, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. मी डोळे ताणून बघत राहिले. एका खांबाला हात लावला, सिमेंट. दुसऱ्याला लावला, सिमेंट. माझ्याच झाडाला मी खांबांतून वेगळं काढू शकत नव्हते, आणि मला त्या क्षणी खरंच रडू यायला लागलं. बाईंचं काय चुकलं मग?

नवरा लिफ्टच्या दारातच उभा राहिला होता. त्याने हात कशालाच लावला नाही. एकदा या ओळीवर नजर टाकली, एकदा त्या, आणि सरळ चालत डावीकडच्या कोपऱ्यात गेला. दोन गाड्यांच्या पलीकडे थांबला.

"हे काय, इथे आहे."

"एवढ्या लांबून कसं ओळखलंत?"

"मिशा दिसल्या ना." त्याने खोडावरच्या डोळ्यावरून हळूच अंगठा फिरवला. "ही बघ. ही पसरट आहे, म्हणजे फांदी जुनी गेलेली. ही वरची अजून उभी, ही अलीकडची. आणि इकडे हिरवं, सावलीची बाजू."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तूच. महिनाभर जेवताना दुसरं बोललीस काय?"

"म्हणजे हे बरोबर आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि ती सात?"

"ती चूक आहेत."

"मग वर टाइमपास कशाला म्हणालात?"

तो बुंध्याशी वाकला होता. दोन्ही हात खोडाखाली घालून पकड शोधत होता. वर बघितलं नाही. "वर गिऱ्हाईक होतं," तो म्हणाला.

इतकी वर्षं मी या माणसाला माफ करत आले होते, ते त्याला यातलं काही कळत नाही या एका कारणावर. ते कारण होतं तोवर संसार सोपा होता. मी माझ्या बाजूने खोडाला खांदा दिला. त्याने घाईत उचललं आणि माझं झाड शेजारच्या गाडीच्या आरशाला घासता घासता राहिलं.

"नीट धरा," मी म्हणाले. "काम आहे ते माझं."